खाणटेकडीवर ट्रक कुणी पाठवला

आमच्या टॅनर्स बेंडचा खरा धनी कोण, हा प्रश्न मी आपणहून कधी विचारला नसता. आयुष्यभर शाळेची बस चालवली. बसमध्ये धनी कोण, ते स्टिअरिंगवर बसलेल्या बाईला पक्कं ठाऊक असतं. पण निवृत्त होऊन घरी बसले, आणि रिकामी बसलेली बाई गावाला बघवत नाही. त्या हिवाळ्यात नगरपालिकेनं एक समिती नेमली आणि तीत माझं नाव घातलं.

माझंच का, तेही सांगते. लोवेल प्रूइट आमचा नगराध्यक्ष, आणि माझा एके काळचा नवरा. काडीमोड होऊन इतकी वर्षं झाली की भांडण कशावरून झालं तेसुद्धा आता दोघांना वेगवेगळं आठवतं. ओपल, म्हणजे मी, काही त्याची बाजू घ्यायची नाही, असं त्याच्या विरोधकांना वाटलं. आणि ओपल चारचौघांत त्याच्या विरोधात जायला लाजेल, असं त्याच्या माणसांना वाटलं. दोन्ही बाजूंनी एकदम मान डोलावली. मला कुणी विचारलं नाही.

समितीचं काम असं. गावाची एक सनद आहे, कारभार कसा चालायचा ते तीत लिहिलेलं आहे. लोक नगरसेवक निवडतात, नगराध्यक्षही निवडतात. पण कारभार बघते मॅनेजर. तिला नगरसेवक नोकरीवर ठेवतात आणि नकोशी झाली की काढतात. पाणी, रस्ते, कचरा, आगीचा बंब, सगळं तिच्या हाताखाली. नगराध्यक्षानं सभा चालवायची, नव्या दुकानांच्या फिती कापायच्या आणि चार जुलैला स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत उघड्या गाडीतून हात हलवायचा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आणि एक कलम आहे, तेवढं ध्यानात ठेवा. निवडून आलेल्या माणसानं पालिकेच्या कुठल्याही कामगाराला परस्पर हुकूम द्यायचा नाही. झाडूवाल्यालाही नाही. काय सांगायचं ते मॅनेजरला सांगायचं. हे मोडलं की खुर्ची जागच्या जागी रिकामी, आणि पुढच्या दोन निवडणुकांना उभंही राहता येत नाही.

लोवेलला हे कलम दातात अडकलेल्या मक्याच्या सालीसारखं खुपायचं. त्याचं मेन स्ट्रीटला फर्निचरचं दुकान आहे. लोक सोफा बघायला येत आणि गटाराची तक्रार करून जात. "मॅनेजरच्या कानावर घालतो," हे वाक्य बोलून बोलून तो म्हातारा झाला. त्याच्या स्वतःच्या घरासमोर, सिकमोर स्ट्रीटला, हा एवढा खड्डा होता. रोज त्याची गाडी त्यात आदळायची. पण त्याची तक्रार त्यानं कधी केली नाही. म्हणायचा, "मी सांगितलं तर लोक म्हणतील, मेयरनं आधी आपलं अंगण सारवून घेतलं." हा माणूस नवरा म्हणून कसाही असेल, पण या बाबतीत चोख होता.

शेवटी त्यानं सह्यांची मोहीम काढली. मॅनेजरचं पद काढून टाका, कारभार नगराध्यक्षाच्या हाती द्या, चुकला तर लोक त्यालाच घरी बसवतील. नोव्हेंबरात त्यावर मतदान ठरलं. त्याआधी आमच्या समितीनं चौकशी करून आपलं मत द्यायचं होतं. आणि बदल झाला तर तो नवा, ताकदवान नगराध्यक्ष लोवेलच होणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं.

मी चौकशीला मॅनेजरपासूनच सुरुवात केली. मरियन टेश तिचं नाव. उंच, हडकुळी बाई. बाहेरगावची, आमच्याआधी तीन गावं करून आलेली. राहते भाड्याच्या घरात. मी म्हटलं, "मला फिरवून बोलता येत नाही. या गावाचा धनी कोण?"

ती म्हणाली, "सोमवारच्या सभेत चार हात वर झाले की मी घरी. लोवेलना हलवायचं तर निवडणुकीपर्यंत थांबावं लागतं. तुम्हीच सांगा, धनी कोण?"

"म्हणजे लोवेल?"

"लोवेलना एक खड्डा बुजवता येत नाही."

"मग तुम्ही?"

"कुठला खड्डा आधी, ते मी ठरवते. यंदा खड्ड्यांना किती द्यायचे, ते नगरसेवक ठरवतात."

मला वैताग आला. मी म्हटलं, "अहो, बसला स्टिअरिंग एकच असतं."

"खरं आहे," ती म्हणाली. "पण बस कुठल्या रस्त्यानं न्यायची, ते तुम्ही ठरवत होता का?"

नव्हते ठरवत. ते शाळा ठरवायची. हे मला आधी का सुचलं नाही, याचाच जास्त राग आला. पण तिथून प्रश्न डोक्यातून जाईना. मी दिसेल त्याला विचारत सुटले. न्हाव्याला विचारलं, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याला विचारलं. जो तो वेगळा धनी सांगायचा, आणि ज्याला त्याला आपलंच खरं वाटायचं.

मला स्वतःला जुने दिवस आठवत होते. मी लहान असताना गावात मॅनेजर नव्हता, मोठा एड नावाचा नगराध्यक्ष होता आणि सगळं त्याच्या मुठीत. बर्फ पडला की ज्यांच्या अंगणात एडच्या नावाची निवडणुकीची पाटी, त्यांची गल्ली आधी साफ व्हायची. माझ्या वडलांनी दुसऱ्याची पाटी लावली होती. आमच्याकडे ट्रकच येईना. दूधवाला कोपऱ्यावरून परत जायचा. आई म्हणाली, काढा ती पाटी. वडील म्हणाले, मरेन पण काढणार नाही. ते कामावर गेल्यावर आईनंच ती काढून तळघरात टाकली, आणि दुसऱ्या दिवशी ट्रक आला. वडलांनी आईला काही विचारलं नाही, पण पुढं कित्येक दिवस ते जेवताना बोलत नव्हते.

आता हेही खरं, की नदीला पूर आला तेव्हा याच एडनं कुणाला न विचारता दगडी बांध घातला. समित्या नेमत बसला असता तर आमचं घर वाहून गेलं असतं. तो बांध अजून उभा आहे. म्हणजे बघा, एकाच माणसानं माझ्या बापाचा अपमान केला आणि माझं घरही वाचवलं. यातून मी समितीला काय सांगणार होते?

फेब्रुवारीत बर्फाचा पाऊस झाला. साधा बर्फ परवडला, पण हा पाऊस जमिनीला लागला की गोठतो. सकाळी दार उघडलं तर सगळं गाव काचेचं. तारा तुटल्या, दिवे गेले, फोन लागेनात. रस्त्यांवर मीठ टाकणारे ट्रक आमच्याकडे मोजकेच. त्यांचा क्रम मरियननं आधीच ठरवून ठेवलेला: आधी हॉस्पिटलचा रस्ता, मग मोठे रस्ते, मग शाळांचे. टेकड्या सगळ्यात शेवटी, कारण तिथं वस्ती कमी.

खाणटेकडीवर मिसेस स्टोल्ट्झ एकट्या राहतात. पियानो शिकवायच्या. निम्म्या गावाच्या बोटांवर त्यांची पट्टी बसलेली आहे, माझ्याही. आता ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. वीज गेली, मशीन बंद. जवळ एक बाटला होता, तो संपत आलेला. अँब्युलन्स दोनदा चढायला गेली आणि दोनदा घसरत खाली आली.

तेवढ्यात एक ट्रक आला, मीठ टाकत थेट टेकडी चढला, त्याच्या मागून अँब्युलन्स, आणि बाई वाचल्या.

गंमत अशी, की तो ट्रक त्या वेळी हॉस्पिटलच्या रस्त्यावर असायला हवा होता. तो रस्ता तसाच राहिला. रात्रपाळी करून घरी निघालेल्या एका नर्सची गाडी तिथं घसरून चरात गेली, तिचं मनगट मोडलं.

बर्फ वितळायच्या आत गावाच्या तोंडी एकच प्रश्न. खाणटेकडीवर ट्रक कुणी पाठवला? मरियन म्हणाली, मी नाही, मी वीज केंद्रावर होते आणि माझा फोन बंद पडला होता. मुकादम म्हणाला, मीही नाही. ट्रकवर होता आर्लिस बॉयकिन. तो म्हणाला, "मलाच वाटलं, जावं."

लोकांनी आर्लिसची पाठ थोपटली, हॉटेलात त्याला फुकट ॲपल पाई खाऊ घातली. पण मला ते पटेना. मला हे असं अर्धवट राहिलेलं चालत नाही, घोडं कुठं पेंड खातं ते बघितल्याशिवाय जेवण गोड लागत नाही. मिसेस स्टोल्ट्झ तिथं अडकल्यात, हे आर्लिसला कळलं कसं? फोन तर बंद होते.

मग कळलं की आर्लिसची चौकशी लागली आहे. हुकूम नसताना नेमलेला रस्ता सोडला, त्यापायी माणूस जखमी झाला. नोकरी जायची चिन्हं होती. घरात बायको, तीन पोरं, आणि आर्लिसला दुसरं काम येत नाही.

मी त्याला कपडे धुवायच्या दुकानात गाठलं. मशीन फिरत असताना माणसाला पळून जाता येत नाही. आर्लिस माझ्या बसमध्ये नेहमी माझ्या पाठीमागच्या सीटवर बसायचा, कारण मीच त्याला तिथं बसवायचे. खोटं बोलला की कान चोळायचा.

"ट्रक कुणी पाठवला रे?"

"सांगितलं ना मिस ओपल, माझ्याच मनात आलं." आणि कान चोळायला लागला.

"हात खाली घे आणि परत सांग."

त्यानं मशीनकडं बघितलं. मग म्हणाला, "तुम्ही कुणाला सांगणार नाही असं म्हणा आधी."

मी म्हटलं, नाही सांगणार. म्हटलं नसतं तर बरं झालं असतं.

"मी पंपावर डिझेल भरत होतो. मेयर समोरच्या दुकानातून धावत आले. कोट नाही, टोपी नाही. मिसेस स्टोल्ट्झच्या शेजारची मुलगी टेकडीवरून चालत खाली आली होती, आधी अँब्युलन्सवाल्यांना आणि मग त्यांना सांगायला. मेयर म्हणाले, मरियन मिळत नाही, सगळीकडे बघितलं. मग म्हणाले, आर्लिस, टेकडीवर जा. मी म्हटलं, मेयरसाहेब, तुम्हाला हे सांगता येत नाही ना? तर म्हणाले, माहीत आहे, जा."

"आणि तू गेलास."

"मेयर सांगतायत म्हटल्यावर काय करू?" तो म्हणाला. "पण आता मी नाव घेतलं तर त्यांची खुर्ची जाते. माझ्या आईच्या मयताला त्यांनी स्वतः खुर्च्या आणून मांडल्या होत्या, मिस ओपल. मी नाही नाव घेणार."

त्याचा कान हातात धरून पिळावा असंही वाटलं, आणि त्याला जवळ घ्यावं असंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. त्याच्या चादरीच्या घड्या घालून दिल्या.

तिथून सरळ लोवेलच्या दुकानात. तो विकायला ठेवलेल्या आरामखुर्चीत पाय वर करून बसला होता, खुर्चीच्या किमतीचं लेबल त्याच्या कानाशी लोंबत होतं.

"लेबल तुला शोभतंय," मी म्हटलं. "आर्लिसला काढून टाकतायत, ठाऊक आहे का?"

त्याचे पाय खाली आले. "कोण म्हणतं?"

"गाव म्हणतं. तुला कसं नाही ठाऊक?"

"कामगारांच्या चौकशा मला कळवत नाहीत, ओपल. मला काहीच कळवत नाहीत." मग हळूच म्हणाला, "त्यानं सांगितलं तुला?"

"त्याला सांगू नको म्हणून तू बजावलंस?"

"नाही. आईची शपथ. तो आपणच गप्प राहिला. मला वाटलं, चार दिवस बोलतील आणि विसरतील. लोक त्याला पाई खाऊ घालतायत, म्हटलं बरंच आहे की." तो उठून दुकानात फेऱ्या मारायला लागला. दर सोफ्याच्या पाठीवरून हात फिरवायचा. "मी बोललो तर माझी खुर्ची जाते. तेवढंच नाही. नोव्हेंबरात बदल झाला तरी मला उभं राहता येत नाही. इतकी वर्षं ज्याच्यासाठी घासली, ते दुसराच कुणीतरी उचलून नेईल."

"आणि नाही बोललास तर?"

"तर आर्लिस घरी बसेल आणि मी नोव्हेंबरात जिंकेन." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती. तो थांबला, माझ्याकडं न बघता म्हणाला, "मेयर होऊन मी एकच काम केलंय, ओपल. बाकी सगळ्या फिती. एकच काम, आणि ते मी केलं म्हणून सांगायची सोय नाही."

मला त्याची कीव आली. त्याच्याशी लग्न केलं तेव्हाचा तो मला दिसला, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

"तू असतीस तर काय केलं असतंस?" त्यानं विचारलं.

"मी तुझी बायको नाही. मला विचारू नकोस."

"सांगणार आहेस तू कुणाला?"

"नाही. आर्लिसला शब्द दिलाय. आणि सांगायचं तर ते तुझं आहे." एवढं बोलून मी निघाले. दारात वळून म्हटलं, "त्या नर्सचं मनगट मोडलंय, तेही लक्षात असू दे." त्यानं मान हलवली. म्हणजे ते त्याच्या लक्षात होतं.

सोमवारी सभा होती. आमच्याकडे सभेच्या सुरुवातीला गावकऱ्यांना बोलायची वेळ असते. खाली माइक ठेवलेला असतो, रांग लावायची. आपलं नाव सांगायचं, पत्ता सांगायचा आणि तीन मिनिटांत काय ते बोलायचं. तीन मिनिटं झाली की लाल दिवा लागतो. तो दिवा लावायचं काम नगराध्यक्षाचं, आणि लोवेल ते फार दिमाखात करायचा.

त्या दिवशी हॉल भरलेला. मरियन तिच्या जागी. आर्लिस मागच्या भिंतीला टेकून उभा. मी समितीची म्हणून पुढच्या रांगेत. लोवेलनं सभा सुरू केली, हातोडा आपटला, आणि मग हातोडा उपाध्यक्षाच्या पुढ्यात सरकवला. व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून तो खाली आला आणि माइकच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

रांगेत त्याच्या पुढं एक गृहस्थ होते. शेजाऱ्याचं कुत्रं भुंकतं, म्हणून आले होते. त्यांनी मागं वळून बघितलं आणि म्हणाले, "मेयरसाहेब, तुम्ही आधी जा."

"नाही," लोवेल म्हणाला. "तुमचा नंबर आधी आहे."

कुत्र्याची तक्रार आम्ही सगळ्यांनी तीन मिनिटं ऐकली. कुणाच्या डोक्यात एक अक्षर शिरलं असेल तर शपथ.

मग लोवेल माइकशी आला. "लोवेल प्रूइट," तो म्हणाला. "सिकमोर स्ट्रीट." त्या हॉलमध्ये त्याचं नाव माहीत नसलेला एक माणूस नव्हता, पण नियम म्हणजे नियम. "खाणटेकडीवर ट्रक मी पाठवला. आर्लिस बॉयकिननं नाही. तो मला म्हणालाही, की तुम्हाला असं सांगता येत नाही. मी सांगितलं, जा. हॉस्पिटलच्या रस्त्यावर मीठ पडलं नाही ते माझ्यामुळे. ज्या बाईचा हात मोडला तिची मी आज दुपारी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. सनदेतलं कलम मला पाठ आहे. बस, एवढंच."

एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं. उपाध्यक्षाचा हात दिव्याच्या बटणावर तसाच राहिला.

टाळ्या सुरू झाल्या. लोवेलची माणसं उभी राहिली, कुणीतरी म्हणालं, असाच माणूस हवा आपल्याला, म्हणून तर कारभार याच्या हाती द्या. आणि त्या गोंधळात मिसेस स्टोल्ट्झ चाकांच्या खुर्चीवरून, बाटला मांडीवर घेऊन, माइककडं निघाल्या. त्यांच्या अंगणात 'मॅनेजर हवा, राजा नको' अशी गावातली सगळ्यात मोठी पाटी आहे. ट्रक वर गेला तो त्या पाटीच्या पुढूनच गेला होता.

"हेडविग स्टोल्ट्झ, खाणटेकडी," त्या म्हणाल्या. पियानोच्या तासाला बोलायच्या तसा आवाज. "बसा खाली सगळे." सगळे बसले. "या माणसाला मी कधी मत दिलं नाही. हे त्याला माहीत आहे, माझी पाटीही त्यानं वाचलेली आहे. तरी त्यानं ट्रक पाठवला, म्हणून मी इथं बसून श्वास घेतेय. आणि त्यानं चूक केली. हॉस्पिटलचा रस्ता आधी, हे बरोबर होतं. तिथं मनगटाऐवजी कुणाची मान मोडली असती तर? लोवेल, मी तुझी ऋणी आहे आणि नोव्हेंबरात मी तुझ्या विरुद्धच मत देणार आहे." मग मास्क तोंडाला लावून त्या जागेवर गेल्या.

मरियननं पाण्याचा घोट घेतला. म्हणाली, "बॉयकिन यांची चौकशी मी बंद करतेय." आणि मग, नोकरीचा भाग म्हणून, पालिकेच्या वकिलांना ते कलम वाचायला सांगितलं. वकील वाचत होते तेव्हा ती लोवेलकडं बघत होती. याच माणसाला तिची नोकरी घालवायची होती. आता तो जात होता, पण तिच्या तोंडावर समाधानाचा लवलेश नव्हता. मी मुद्दाम बघितलं, मला बघायचंच होतं. उलट डोळे पुसायला तिनं चष्मा काढला.

लोवेल व्यासपीठावर परत गेला नाही. कोट वर खुर्चीवरच राहिला होता, तो आर्लिसनं जाऊन आणला.

पुढं आमच्या समितीचं मतदान झालं. मी मॅनेजर राहू द्या म्हणून हात वर केला. घरी येऊन रडले, ते वेगळं. दुसऱ्या दिवशी बटाट्याचं सूप घेऊन लोवेलकडं गेले. त्याला दुसऱ्याकडून कळू नये, असं वाटलं.

"मी तुझ्या विरुद्ध मत दिलं," मी दारातच सांगितलं.

"माहीत होतं," तो म्हणाला. "आत ये, सूप निवेल."

"तू असतास तर चाललं असतं. पण पुढचा लोवेल असाच निघेल कशावरून?"

"मोठा एड," तो म्हणाला. माझ्या बापाच्या पाटीची गोष्ट मी लग्नानंतर त्याला सांगितली होती, ती त्याला अजून आठवत होती. मी पातेलं टेबलावर ठेवलं.

बाहेर कुणाची तरी गाडी त्या खड्ड्यात धाडकन आदळली. लोवेल खिडकीशी गेला, त्या खड्ड्याकडं बघितलं. मग म्हणाला, "ओपल, एक सांग. साध्या गावकऱ्याला खड्ड्याची तक्रार करायची असेल तर काय करतात?"

"रस्ते विभागाला फोन करतात. काय करणार?"

"आणि लोक काय म्हणतात मग?"

"कोण काय म्हणणार? खड्डा आहे, फोन केला."

त्यानं फोन उचलला. पलीकडे कुणीतरी नवी मुलगी असावी. तो म्हणाला, "लोवेल प्रूइट. सिकमोर स्ट्रीट. आमच्या घरासमोर खड्डा आहे." तिनं काहीतरी विचारलं. "नाही," तो म्हणाला, "मी कुणी नाही. इथं राहतो."

थंडी सरली आणि डांबर तापायला लागलं, तेव्हा ट्रक आला. मी तिथंच होते, हल्ली माझं पातेलं त्याच्याकडंच असतं. आर्लिस खाली उतरला, खड्डा झाडला, डांबर ओतलं. लोवेल खिशात हात घालून फुटपाथवर उभा होता. मला वाटलं, आत येईल. पण तो जागचा हलेना.

"आर्लिस," तो म्हणाला, "डाव्या कडेला थोडं अजून टाक."

आर्लिसनं वर बघितलं. ऐकायची त्याच्यावर काही सक्ती नव्हती. समोरचा माणूस आता त्याचा कुणीच लागत नव्हता. त्यानं फावडं भरलं आणि डाव्या कडेला थोडं अजून टाकलं.

लोवेल आत आला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याला गरम सूप वाढलं आणि समोर बसले.